ठिबकीवाले मयेकर मास्तर

आमच्या शाळेत मयेकर मास्तरांसमोर "साधारण" हा शब्द उच्चारला की त्या माणसाची धडगत नसे. मी नवीन असताना एकदा सहज विचारलं, "साधारण किती वाजले हो?" ते म्हणाले, "साधारण काही वाजत नाही. घड्याळ बघून सांगा, नाहीतर घड्याळ नाही म्हणून सांगा." आता मी पडलो चित्रकलेचा मास्तर. माझा सगळा संसारच साधारणवर चाललेला. घोडा साधारण घोड्यासारखा दिसला की मुलाला पास करणारा मी. ते शास्त्र शिकवायचे. आमची दोस्ती कशी जमली ते त्या भगवतीलाच ठाऊक, पण जमली आणि शेवटपर्यंत टिकली.

दुसरं खूळ "जातो"चं. आपल्याकडे उंबऱ्याबाहेर पडताना "येतो" म्हणायचं, जाणारा परत यावा म्हणून. हा गृहस्थ माझ्या ओटीवर वहाणा चढवायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "जातो." माझ्या बायकोच्या अंगावर काटा यायचा. "भावोजी, येतो म्हणावं," ती कळवळून सांगायची. "वहिनी, आत्ता मी जातोय. येईन तेव्हा आलो म्हणेन." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला उंबऱ्यात उभे राहून, कुणी विचारलेलं नसताना म्हणायचे, "आलो." शेवटी शेवटी तिनं नाद सोडलान्.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का, दोघंच. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला चिऱ्याचं बुटकं घर, मागे चार माड आणि रातांब्याचं एक झाड. बाप तांडेल होता, तो गलबतासकट गेला. आई त्या धक्क्यानं गेली. अक्काचा नवराही लग्नानंतर लवकरच वारला होता. ती माहेरी आली आणि या धाकट्या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलंन्. कुळथाचं पीठ, पापड आणि कोकमाचं आगळ विकून त्याला मुंबईला शिकायला धाडलंन्. तिच्या आगळाची सोलकढी गावात प्रसिद्ध होती. मी मटण सोडीन, पण ती कढी सोडणार नाही असं म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं.

अक्काच्या तोंडून अभद्र शब्द निघायचा नाही, आणि भावानं "जातो" न म्हणता "येतो" म्हणावं म्हणून तीही रोज धडपडायची. आपल्यात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. डब्यातलं मीठ संपत नाही, तेही वाढतं. हे आपण सगळेच पाळतो, पण अक्काचं जरा जास्तच होतं. तिच्या घरात मडकं, काच, कंदिलाची चिमणी, काही म्हणजे काही फुटत नसे. सगळं वाढायचं. मास्तर वैतागायचे. "अक्का, फुटली तर फुटली म्हण ना. तू चिमणी वाढली म्हणतेस आणि मी दुसरी आली का म्हणून बघायला येतो."

"मेल्या, तुझ्या जिभेला हाड नाही म्हणून मीही तसंच बोलू काय?"

हे भांडण मी किती वेळा ऐकलं असेल. या शब्दावरून पुढे गावात केवढं महाभारत होणार आहे याची तेव्हा आम्हा तिघांनाही कल्पना नव्हती.

आता त्या यंत्राबद्दल सांगायला हवं. मुंबईला मास्तरांनी एका प्रयोगशाळेत नोकरी केली होती. तिथे युरोपातून शिकून आलेल्या एका साहेबानं त्यांना एक नवीन तऱ्हा दाखवली. पाण्यात एखादा धातू विरघळला असेल, अगदी चिमटीच्या हजाराव्या भागाएवढा का असेना, तो हुडकायची तऱ्हा. वर एका काचेच्या भांड्यात पारा ठेवायचा. तो केसासारख्या बारीक नळीतून थेंब थेंब खालच्या पाण्यात पडत राहायचा. त्यातून बॅटरीची वीज सोडायची आणि तिचा जोर हळूहळू चढवत न्यायचा. प्रत्येक धातूची आपली एक जागा असते. तांबं असेल तर तांब्याच्या जागी, शिसं असेल तर शिशाच्या जागी वीज एकदम उडी घेते. धातू जेवढा जास्त, तेवढी उडी मोठी. ती उडी दिसावी म्हणून एक चिमुकला आरसा टांगलेला असे. त्याच्यावर कंदिलाचा झोत पडायचा आणि समोरच्या भिंतीवर आकड्यांची लाकडी पट्टी ठोकलेली, तिच्यावर उजेडाची एक बारीक तिरीप सरकायची. वीज वाढली की तिरीप वाढायची. एवढंच. मला एवढंच कळलं आणि मास्तर म्हणायचे की एवढं पुष्कळ आहे.

आरशाचा भाग त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणला होता. बॅटरी मोटारसर्व्हिसच्या गॅरेजात नेऊन भरून आणायचे. बाकी सगळं हातानं बांधलेलं. ते बांधायला दोन पावसाळे गेले. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा अक्का म्हणाली, "बाप गलबत हाकायचा, लेक थेंब मोजतो. ठिबकी नुसती." तेच नाव पडलं. शाळेतली पोरं त्यांच्या पाठीमागे "ठिबकीवाले मास्तर" म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं असा मला दाट संशय आहे.

आकडे टिपून घेण्याची त्यांची पद्धत मात्र सोवळ्याच्या वरची. मागच्या खोलीच्या खिडक्या गोणपाटानं बंद, कारण तिरीप उजेडात दिसत नाही. अक्का पट्टीसमोर दाराजवळच्या पाटावर. तिची नजर घारीसारखी. मास्तर ठिबकीवर वाकून, पट्टीकडे पाठ करून. ते विजेचा जोर एक घर पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बोल." अक्का आकडा सांगायची. ते लिहायचे. मान वळवून बघायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "अहो, एकदा तरी बघा." तर म्हणाले, "बघणाऱ्यानं लिहायचं नाही, लिहिणाऱ्यानं बघायचं नाही. माझ्या डोळ्याला आशा आहे. आशा दोन घरं पुढे वाचते. अक्काला कशाचंच काही पडलेलं नाही, म्हणून ती खरं वाचते."

"मला कुळीथ पाखडायचेत, हे पडलंय," अक्का म्हणाली.

एकदा मी कौतुकानं त्यांच्या पाऱ्यात बोट बुडवलं. लग्नातली अंगठी बोटात होती. क्षणात सोन्याची चांदी झाली. मी हादरलो, आणि घरी बायको त्याहून हादरली. तिला वाटलं मी अंगठी विकून खोटी आणली. मास्तर स्वतः तिला समजवायला आले, पारा सोन्याला कसा धरतो ते पंधरा मिनिटं सांगितलंन्, आणि शेवटी सोनाराकडे नेऊन ती तापवून पुन्हा पिवळी करून आणलीन्. जाताना म्हणाले, "पारा लबाड आहे हो. ज्याला धरतो त्याला कळत नाही." मग नेहमीप्रमाणे "जातो".

त्याच वर्षी शाळेच्या बोर्डिंगमधली मुलं आजारी पडायला लागली. बोर्डिंगमध्ये मंडणगड, खेड, लांबलांबच्या गावची मुलं राहायची. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेली. आधी पोटात कळा, मग तोंडं पांढरीफटक. मंडणगडकडचा एक मुलगा होता, त्याचा उजवा हात मनगटातून लुळा पडला. पेन्सिल धरता येईना. डॉक्टरांनी मुलांच्या हिरड्या बघितल्या, कडेला काळसर निळी रेघ. म्हणाले, शिसं पोटात जातंय.

शिसं म्हटल्यावर गावानं बोट कुणाकडे दाखवावं? कल्हईवाल्याकडे. बोर्डिंगच्या भांड्यांना कल्हई इस्माईल करायचा. मच्छीबाजाराच्या कोपऱ्यावर त्याच्या बापापासूनची भट्टी. कथील महाग, शिसं स्वस्त, त्यानं भेसळ केली असणार, असं म्हणायला कुणाला पुरावा लागला नाही. बोर्डिंगचे चिटणीस एक वकीलसाहेब होते. त्यांनी ठरवलं की बाजारातून इस्माईलची भट्टी उठवायची, सभा बोलवायची आणि तसा ठराव करायचा. इस्माईलला तीन मुली, म्हातारी आई. भट्टी उठली की तो गावातून उठला. शिवाय मुलांना विष घातलंन् हे नाव कपाळावर.

वकीलसाहेब हुशार माणूस. म्हणाले, ठरावाला शास्त्राचा आधार असावा. मयेकरांच्या ठिबकीवर तपासून घ्या.

इस्माईलनं कल्हई केलेल्या पातेल्यात कमिटीच्या माणसांनी आंबट पाणी उकळून आणलं. मास्तरांनी ते आटवलंन्, जाळलंन्, काय काय केलंन्. शिसं आणि कथील एकाच जागी उडी घेतात म्हणून त्यांना वेगळं करायला आणखी काही घातलंन्. वकीलसाहेब आणि कमिटीची दोन माणसं ओटीवर पान खात बसली होती. मी आत दाराशी. मास्तर सरकवत होते, अक्का बोलत होती. "सात. सात. आठ. आठ." मग अक्का एकदम म्हणाली, "वाढली."

मास्तरांचा हात थांबला. "किती?"

"सगळीच."

म्हणजे तिरीप पट्टीच्या बाहेर गेली. मास्तरांनी तसं लिहिलंन्. बाहेर वकीलसाहेबांचा आवाज आला, "काय मास्तर, आहे का?" आणि मास्तर लेखणी ठेवून तडक ओटीवर गेले. "शिसं आहे," ते म्हणाले. "पुष्कळ आहे." बाकी काही ऐकायला ते लोक थांबलेच नाहीत. दिवेलागणीच्या आत इस्माईलच्या भट्टीवर कुणीतरी घागरभर पाणी ओतलं होतं.

मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडेच जेवायला होतो. पिठलं आणि भात. अक्का वाढता वाढता भावाला म्हणाली, "शंकऱ्या, पेटीतली दुसरी नळी काढून ठेव. ती पार गेली. सांडलेला पारा मी पिसानं गोळा केलाय."

"कुठली नळी?"

"वाढली म्हटलं ना दुपारी. सगळीच वाढली, बुडापासून."

मास्तरांचा घास हातातच राहिला. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पट्टीवरची तिरीप वाढली नव्हती, नळी फुटली होती; कंदिलाच्या झोतात पारा सांडताना अक्कानं बघितला, खाली वहीत बघणाऱ्या मास्तरांनी नाही. अक्काची जीभ फुटली म्हणायला धजली नाही, आणि पाठ फिरवून लिहिणाऱ्या मास्तरांना ती तिरीपच वाटली. दोघंही आपापल्या नेमानं वागले होते, आणि मधल्यामध्ये इस्माईल भरडला गेला.

अक्काला कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली. मास्तर तिला एक शब्दही बोलले नाहीत. हात धुतलेन्, कोट चढवलान्, "जातो" म्हणाले आणि इस्माईलकडे गेले. मी मागोमाग. इस्माईल विझलेल्या भट्टीपाशी बसला होता. मास्तर म्हणाले, "इस्माईल, मी चुकीचं बोललो. माझा आकडा खोटा होता."

इस्माईलनं चिमट्यानं ओला कोळसा उकरला. मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही बोललात ते अख्ख्या गावानं ऐकलं. आता हे मला एकट्याला सांगून काय व्हायचंय?"

हे मास्तरांना पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दवंडीवाल्याला गाठलं. तो बिचारा गोंधळला. अमक्याची गाय हरवली, तमक्या दिवशी पाणी बंद, असं ओरडणारा माणूस. त्याच्याकडून मास्तरांनी पाठ करून घेतलंन्, आणि धक्क्यापासून वरच्या आळीपर्यंत ढोलकं वाजलं. ऐका हो ऐका, मयेकर मास्तरांचा आकडा चुकला आहे, इस्माईलवर काही शाबीत झालेलं नाही हो. लोक पोट धरून हसले. शाळेत पोरं हसली. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, "अहो, शाळेची अब्रू?" मास्तर म्हणाले, "शाळेच्या अब्रूवर कुणी पाणी ओतलेलं नाही साहेब. त्याच्या भट्टीवर ओतलंय."

वकीलसाहेब मात्र भडकले. काल आहे म्हणता, आज नाही म्हणता, असल्या शास्त्राचं काय लोणचं घालायचं? सभा ठरल्याप्रमाणे होणार. मास्तर म्हणाले, "सभेच्या आधी मी पुन्हा मोजून दाखवतो. बोर्डिंगच्या सैपाकघरात जे जे मुलांच्या पोटात जातं, ते सगळं मोजतो. तुम्ही येऊन बसा."

मोजणार कशानं? पेटी उघडून बघतात तर एकही धड नळी शिल्लक नाही. मुंबईहून मागवावी तर ती आगबोटीनं येईपर्यंत सभा काय थांबणार? मग त्यांनी जे केलंन् ते फक्त तेच करू जाणोत. जुन्या उष्णतामापकाच्या जाड नळ्या घेतल्यान् आणि इस्माईलच्या भट्टीवर जाऊन बसले. काच मऊ करून ओढायची तर तसला जाळ गावात दुसरीकडे कुठे होता?

इस्माईलनं भात्यावर हात ठेवला आणि विचारलंन्, "मास्तर, या नळीनं मोजलंत आणि माझंच शिसं निघालं तर?"

"तर तसं सांगीन. दवंडी पिटून."

"मग मारतो भाता," इस्माईल म्हणाला.

तीन संध्याकाळी त्यांनी काच ओढली. ढीगभर नळ्या वाया गेल्या. कुठली जाड, कुठली वाकडी, कुठलीतून पारा उतरेचना. मास्तरांची बोटं भाजली. इस्माईल भाता मारता मारता मोठ्यानं हसायचा, "मास्तर, तुमच्यापेक्षा माझी थोरली बरी ओढील." वकीलसाहेबांनी टोमणा मारलाच की आरोपीच्या भट्टीवर पुरावा शिजतोय. मास्तरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलंन्. शेवटी दोन नळ्या जमल्या. थेंब कसा, शहाण्या पोरासारखा एकामागून एक पडायला लागला.

मोजायच्या दिवशी मला पहिल्यांदाच काम मिळालं. बाटल्या मी भरायच्या, मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे जिन्नस आधी आटवून, जाळून, रंग-वास उरू न देता. कुठल्या बाटलीत काय आहे हे ना मास्तरांना ठाऊक, ना अक्काला. आकडे घालू नका, आकड्यावरून अंदाज बांधता येतो, असं मास्तर म्हणाले. म्हणून मी घरी एकट्यानं चित्रं काढून चिकटवली. आंबा, होडी, छत्री, कोंबडा, मांजर. सगळं बोर्डिंगच्या सैपाकघरातून मी स्वतः वकीलसाहेबांच्या देखत भरून आणलं होतं. विहिरीचं पाणी, पेज, आमटी, इस्माईलच्या पातेल्यात उकळलेलं पाणी, आणि कढीचं आगळ.

वकीलसाहेब अंधारात खुर्चीवर बसले. सुरू करायच्या आधी मास्तर अक्काला म्हणाले, "अक्का, आज फुटली तर फुटली. वाढली तर वाढली."

"होय रे. आज जीभ विटाळते," ती म्हणाली.

आंबा झाला, होडी झाली, छत्री झाली. तिरीप जागची हलली नाही. मग कोंबडा. कोंबडा म्हणजे इस्माईल, हे फक्त मला माहीत. "सात. सात. आठ. आठ. आठ. आठ." शिशाची जागा आली आणि मागे पडली. "आठ." मनात म्हटलं, सुटला रे बाबा.

मग मांजर लागलं. "सात," अक्का म्हणाली. "आठ. बारा." जरा थांबली. "एकोणीस."

मास्तर पाठमोरेच होते. "अक्का, नळी फुटली का?"

"नळी धड आहे. तिरीप वाढतेय. लिही. सत्तावीस. चौतीस."

मांजर म्हणजे आगळ. आणि बोर्डिंगला आगळ कोण पुरवायचं? ती समोर बसून आपल्याच आगळाचे आकडे खणखणीत वाचत होती आणि तिला पत्ता नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं की पुरे, थांबा. पण मास्तरांचा नेम. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सरकवायला घेतलंन्, खात्रीसाठी. पुन्हा तेच. मग त्यांनी गोणपाट दूर केलंन् आणि मला विचारलंन्, "मांजर म्हणजे काय?"

"आगळ," मी म्हटलं.

"कुणाचं आगळ?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मग अक्का पाटावरून उठली. "माझं."

कारण लागायला वेळ लागला नाही. अक्काकडे बापानं गलबतातून आणलेली जुनी चिनी बरणी होती, ती आदल्या शिमग्यात, तिच्या भाषेत, वाढली होती. मग तिनं धक्क्यावरच्या फिरत्या विक्रेत्याकडून पिवळ्या हिरव्या झिलईच्या चकचकीत बरण्या घेतल्यान्. त्या झिलईत शिसं. आगळ आंबट जहाल, वर मीठ. बरणीत राहून राहून ते झिलई खात होतं, आणि या बरण्यांतलं सगळं आगळ बोर्डिंगलाच जायचं. मास्तरांनी मडक्यातलं ताजं आगळ मोजून बघितलंन्, ते स्वच्छ निघालं. आमच्या दोन्ही घरी जुन्या मडक्यातलं आगळ संपेपर्यंत नव्या बरणीला हात लावायचा नाही असा अक्काचा शिरस्ता, म्हणून आम्ही वाचलो.

वकीलसाहेब चांगले वागले, हे सांगायला हवं. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "हे बघा, ठराव मागे घेतो. कल्हईवाल्याचं नाव काढत नाही, तुमच्या बहिणीचंही काढत नाही. बरण्या बदला. विषय संपला."

मास्तरांनी एकदा ठिबकीकडे बघितलंन्. या बाईनं कुळीथ दळून त्यांना शिकवलं होतं. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते माझ्यासारख्यानं काय सांगावं. पण त्यांच्या आधी अक्काच बोलली.

"लिहिलंस ना, शंकऱ्या?"

"लिहिलं."

"मग वाच जा सगळ्यांपुढे. त्याचं नाव घेताना ढोलकं वाजलं, माझं घेताना का नको?"

सभेला ती स्वतः आली. डोक्यावर टोपलीत त्या बरण्या. बोर्डिंगच्या अंगणात सगळा गाव जमलेला. मास्तरांनी कागद वाचलान्, साधारण हा शब्द न घालता. इस्माईलच्या भांड्यात शिसं नाही. माझ्या बहिणीच्या बरणीत आहे. मग अक्का पुढे झाली आणि एकेक बरणी जांभ्याच्या पायरीवर आपटलीन्. आणि इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कुणी न ऐकलेला शब्द बोलली. "फोडल्या. वाढवल्या नाहीत. फोडल्या." मग मंडणगडच्या त्या पोरापाशी गेली, त्याचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत धरलान् आणि ढसाढसा रडली. मीही रडलो. मला त्याची लाज नाही.

मुलं हळूहळू बरी झाली. त्या पोराचा हात सुधारला. अक्षर सुधारलं नाही, पण ते आधीपासूनच तसं होतं. अक्काचं आगळ मात्र त्यानंतर कुणी घेईना. मडक्यातलं आहे म्हटलं तरी घेईना. घेणारं एकच घर उरलं, इस्माईलचं. आणि माझं, पण ते काय, मी फुकटचं गिऱ्हाईक.

मास्तरांनी त्यानंतर ठिबकी सोडली नाही, उलट दुपटीनं धरली. गावातल्या सगळ्या बरण्या मोजायच्या असं डोक्यात घेतलंन्. शाळा सुटली की ती बंद खोली. गोणपाट लावलेल्या खिडक्या, खाली जमिनीच्या फटीत सांडलेला पारा आणि त्यावर वाकलेला हा माणूस. अक्का बाहेरच्या वाऱ्याला, दारापाशी. पाऱ्याची वाफ त्यांच्या अंगात जातेय हे आम्हाला कुणाला सुचलं नाही. हळूहळू त्यांचे हात कापायला लागले. चहा बशीत सांडू लागला. दात हलू लागले. उगाच चिडायचे, मग उगाच गप्प बसायचे. फळ्यावर सरळ रेघ येईना तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, डॉक्टरला दाखवा." ते आपल्या थरथरत्या बोटांकडे बघत म्हणाले, "कशाला? मला माहीत आहे. इतकी वर्षं मी थेंब मोजले, पाऱ्यानं मला मोजलंन्."

तरी कामं टाकली नाहीत. लिहिता येईना तेव्हा कोळशानं मोठे आकडे काढायला लागले. शेवटची बरणी मोजून झाली त्या दिवशी त्यांनी ठिबकी स्वतः सोडवलीन्, पारा बाटलीत भरून बूच लावलंन्, आणि मगच मुंबईच्या इस्पितळात जायला कबूल झाले.

आगबोट लागायच्या दिवशी धक्क्यावर आम्ही चौघं. ट्रंक इस्माईलनं खांद्यावर आणली होती, हमालाला हात लावू दिलान् नाही. आगबोट लांब उभी, तिच्यापर्यंत पडावातून जायचं. मास्तरांना दोघांनी धरून पडावात बसवलं. किती वाळले होते. त्यांनी अक्काकडे वर बघितलंन्. ओठ हलले. आणि माझा कानांवर विश्वास बसेना.

"येतो, अक्का," ते म्हणाले.

उभ्या जन्मात त्यांनी तो शब्द उच्चारला नव्हता. अक्काचा चेहरा एकदम उतरला. वर्षानुवर्षं जो शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला ती धडपडली, तो आला, आणि ती दोन पावलं पाण्यात उतरली.

"नको. जातो म्हण मेल्या. आजवर जातो म्हणालास आणि दरवेळी आलास. जातो म्हण."

मास्तर हसले. तसे जुन्यासारखे, एका बाजूनं. "जातो," ते म्हणाले. पडाव सुटला.

आम्ही बराच वेळ तिथेच उभे होतो. पडाव आगबोटीला लागला, शिडी वर गेली, भोंगा झाला, आणि ती किल्ल्याच्या अंगानं बाहेर निघाली. माझे डोळे आधीच अधू, इस्माईलचे भट्टीनं खाल्लेले. अक्काची नजर तेवढी शाबूत. कुणी विचारलं नव्हतं, पण ती पाट मांडून बसल्यासारखी खडकावर बसली आणि आकडे सांगायची त्याच आवाजात सांगू लागली.

"दिसते," ती म्हणाली. "दिसते." दीपगृहाच्या पुढे नुसता धूर उरला होता. "दिसते."

मग थांबली. पदर तोंडाला लावला, पुन्हा काढला.

"दिसत नाही," ती म्हणाली.